अक्षय ऊर्जा आणि लोकसहभाग : संशोधनदृष्टीची चिकित्सा (विशेष संदर्भ : वर्धा जिल्हा)

ग्रामीण भागातील अक्षय ऊर्जेविषयीचे संशोधन बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : लोकांना किती माहिती आहे? प्रश्नावली भरून घेतली जाते, टक्केवारी काढली जाते आणि ‘जनजागृतीची गरज आहे’ असा ठरीव निष्कर्ष मांडला जातो. या पद्धतीत ग्रामस्थांचे अज्ञान आधीच गृहीत धरलेले असते.

वर्धेचा इतिहास या गृहीतकास छेद देतो. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ घडविला. त्यामागे जे. सी. कुमारप्पा यांचा विचार होता : कोळसा व खनिज तेल हा उपशाने आटणारा साठा, तर वनांतून मिळते तो वाहता प्रवाह. येथे गाव हे केवळ अभ्यासविषय नव्हते, तर प्रयोगभूमी होती.

याउलट, १९८३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात भर राहिला तो बसविलेल्या चुलींच्या संख्येवर. अनेक चुली पुढे वापरातून गेल्या; २००२ मध्ये केंद्राने कार्यक्रम थांबविला. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीचे ज्ञान मोजमापात आलेच नाही. चेर्नोबिल दुर्घटनेनंतर (१९८६) इंग्लंडमधील कंब्रियाच्या मेंढपाळांचा अभ्यास करून ब्रायन विन यांनी तज्ज्ञांच्या नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवले होते.

देवळी तालुक्यातील कवठा (झोपडी) येथे २०१० नंतरच्या दशकात महिलांनी आयआयटी मुंबईच्या साहाय्याने सौर पॅनेलनिर्मिती हाती घेतली. त्यांना ‘सौरऊर्जा म्हणजे काय?’ असे विचारणे हास्यास्पद ठरेल. ‘तुम्ही काय बदलले, का बदलले?’ हा प्रश्न संशोधकाने विचारावयास हवा. तोपर्यंत ‘लोकसहभाग’ हा शब्द प्रबंधाच्या शीर्षकापुरताच उरेल.