बोहाडा: मुखवट्यामागचं सोंग

पेठ-सुरगाण्याकडच्या बोहाड्यातले मुखवटे निव्वळ काष्ठशिल्प म्हणून वाखाणणारी समीक्षा मला अपुरी वाटते. कोकणा, वारली मंडळी मुखवटा नव्हे, सोंग पाहतात: संबळाच्या ठेक्यावर रात्री नाचणारा गणपती, रावण, नरसिंह. सोंगाचा मान पुष्कळदा घराण्यात चालत येतो. काचेआड तो दिसणार कसा? अमेरिकेतल्या झुनी लोकांनी १९७८पासून आपल्या युद्धदेवतांच्या लाकडी मूर्ती संग्रहालयांकडून परत मागितल्या. त्या उघड्यावर झिजून मातीला मिळाव्यात, हीच त्यांची रीत. (गणपती विसर्जन करणाऱ्या आपल्याला तरी ती अजब वाटू नये!) नाशिकच्या दिवाणखान्यांत मी पाहिलेल्या बोहाड्याच्या मुखवट्यांखाली ना गावाचं नाव होतं, ना सोंगाचं.