मोटारींतली ऊर्मिला

दिवाळी अंकात मोटारीची समीक्षा कशाला, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येईल. पण ज्या वस्तूवर माणसे जीव लावतात, जिच्यावरून मित्रामित्रांत वाद होतात, तिला समीक्षेने विटाळ का मानावा? जुन्या मोटारींचे रसिक आज गावोगावी आहेत. त्यांच्या बैठकीत अँबॅसडरचा विषय निघाला की आवाज चढतात. फियाटचे, म्हणजेच पुढच्या पद्मिनीचे, नाव निघाले की मुंबईकर हळवा होतो. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा वर्तमानपत्रांनी जणू मृत्युलेखच लिहिले. ते योग्यच झाले. परंतु त्याच काळात आपल्या रस्त्यांवर एक तिसरी मोटार धावत होती. तिचे नाव स्टँडर्ड हेरल्ड. रामायणातली ऊर्मिला त्याच राजवाड्यात राहिली, पण कथेत मात्र आली नाही. तशीच गत हिची झाली.

तिला नाके मुरडणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल करतो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, पुण्यात पेठेतले डॉक्टर. १९६८ साली त्यांनी एक जुनी, दोन दारांची हेरल्ड घेतली. शेजारच्या वकिलांच्या दारात अँबॅसडर उभी असे, आणि तिच्यापुढे आमची गाडी मोठ्या भावाचा सदरा मागणाऱ्या पोरासारखी दिसते, असे आम्हां भावंडांना वाटे. मोटारीची पारख आम्ही तिच्या आकारावरून करीत होतो. पुष्कळ मोठी माणसेही ती तशीच करतात, हे पुढे कळले.

आता गाडीकडे वळू. मूळची ट्रायम्फ हेरल्ड १९५९ साली इंग्लंडात आली. तिचा जन्म एका अडचणीतून झाला. त्या काळी मोटारीचा सांगाडा आणि अंग एकसंध घडवण्याची रीत रूढ होत होती. पण अशी अंगे पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीने आधीच विकत घेतला होता. तेव्हा कॉव्हेंट्रीच्या या मंडळींनी जुन्या रीतीची वेगळी चासी घेतली आणि अंगाचे तुकडे करून ते तिच्यावर बोल्टांनी जोडले. रूप दिले इटलीतल्या तुरीनच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती याने. गरजेपोटी केलेल्या या तडजोडीला त्याने असा घाट दिला, की तडजोड कुठे दिसूच नये. चांगल्या कारागिरीची खूण याहून वेगळी कोणती?

तिचे दोन गुण मी फार वरचे मानतो. पहिला म्हणजे तिचा मोकळेपणा. इतर गाड्यांचे बॉनेट म्हणजे पेटीचे झाकण. त्यात वाकून हात घालायचा. हेरल्डचे बॉनेट दोन्ही बाजूंच्या मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटे आणि ९४८ घनसेंटिमीटरचे ते लहानसे इंजिन तिन्ही अंगांनी उघडे पडे. मेस्त्री खुशाल पुढच्या चाकावर बसून काम करी, आणि शेजारी उभ्या पोरालाही कळे की कोणती नळी कुठे जाते. यंत्र असे आपल्यापासून काही लपवीत नाही, तेव्हा त्याची भीती जाते.

दुसरा गुण तिच्या वळण्याचा. अवघ्या २५ फुटांच्या वर्तुळात ती फिरे. लंडनच्या टॅक्सीकडून जी अपेक्षा कायद्याने केली जाते, ती ही घरगुती गाडी सहज पुरी करी. पेठेतल्या बोळांत अण्णांची हेरल्ड रात्री-अपरात्री रोग्याच्या उंबऱ्यापर्यंत जाई आणि वाड्यापुढच्या चिमूटभर जागेत वळून परत येई.

दोष सांगितले नाहीत तर ही समीक्षा नव्हे, आरती होईल. हेरल्डची मागची चाके स्वतंत्रपणे खालीवर होत. अँबॅसडर आणि फियाट यांच्या मागे एकच सरळ आडवा आस होता. त्या मानाने ही रचना पुढची. पण वेगात वळण घेताना उचललेले चाक आत दुमडे आणि गाडीची मागची बाजू बाहेर झेपावू पाही. शिवाय चौघांच्या गाडीत सातजण, वर ट्रंका, ही आपली रीत. तो भार मागच्या एकाच आडव्या पाट्यांच्या स्प्रिंगला सोसावा लागे. दोन दारांच्या गाडीत नऊवारी सावरीत मागे शिरणे ही तर कसरतच. मात्र हे दोष ओळखून मद्रासच्या कारखान्याने हात हलवले, हे कोणी सांगत नाही. विलायतेत हेरल्ड सलून अखेरपर्यंत दोन दारांचीच राहिली. तिला चार दारे दिली ती आपल्या माणसांनी. पुढे सत्तरीच्या दशकाच्या आरंभी तिचीच धाकटी बहीण गॅझेल आली, तिला मागे सरळ आस बसवला होता. आयते घेतलेले नुसते वापरायचे नाही, तर आपल्या संसाराला बेतून घ्यायचे, ही जिद्द कौतुकाची नव्हे काय?

मग उपेक्षा का? माझ्या मते उत्तर सोपे आहे. अँबॅसडर मंत्र्यांची आणि सरकारी कचेऱ्यांची झाली, फियाट मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची. एकीला सत्तेचा आधार मिळाला, दुसरीला गर्दीचा. हेरल्डच्या वाट्याला तुरळक डॉक्टर, प्राध्यापक, हौशी माणसे आली. जे रोज दिसते तेच आठवते, आणि जे आठवते त्यालाच आपण थोर म्हणू लागतो. रसिकाने निदान एवढी सवय मोडावी. किती जणांनी वापरली, हा हिशेब व्यापाऱ्याचा. कशी घडवली, हे पाहणे रसिकाचे.

आमच्या हट्टाला तीन वर्षांनी यश आले. हेरल्ड गेली, घरात भारदस्त गाडी आली, आणि आम्ही पोरे मोठ्या दिमाखात भाऊबीजेला आत्याकडे गेलो. पेठेत मात्र ती गाडी बोळाच्या तोंडाशीच थांबे. तिथून पुढे अण्णा हातात बॅग घेऊन, पावसाळ्यात छत्री सावरीत, रोग्याच्या घरापर्यंत पायी जात. याबद्दल ते आम्हांला कधी एक शब्दही बोलले नाहीत. आपण काय विकायला लावले, हे मला समजले तेव्हा हेरल्ड दिसेनाशी झाली होती आणि अण्णाही नव्हते. या लेखाला उशीर झाला आहे, तो असा.