इंग्लिस सूत्रातील गृहीत पाऊस

कोकण व सह्याद्रीच्या पट्ट्यातील पूल आणि मोऱ्यांसाठी महत्तम पूरविसर्ग काढताना इंग्लिस सूत्राचा आधार घेण्याचा प्रघात आहे. चौरस किलोमीटरमधील पाणलोट क्षेत्राला १२४ ने गुणून, क्षेत्र अधिक १०.४ यांच्या वर्गमुळाने भागले की घनमीटर प्रतिसेकंद विसर्ग मिळतो. सूत्र सुटसुटीत आहे. मात्र त्यात पाऊस किंवा उतार कोठेच दिसत नाही. वस्तुतः पाऊस वगळलेला नसून गृहीत धरलेला आहे. एक चौरस किलोमीटरसाठी सूत्र ३६.७ घनमीटर देते. पडलेला प्रत्येक थेंब वाहून गेला असे मानले, तर हा ताशी १३२ मिलिमीटर पाऊस होय. मुंबईत सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी एका तासात सुमारे १९० मिलिमीटर पाऊस झाला. अपधाव गुणांक ०.९ धरल्यास विसर्ग ४७.५ घनमीटर होतो. आणि लहान पाणलोटातील पाणी तासाच्या आतच मोरीशी पोहोचत असल्याने हा आकडाही कमीच म्हणावा लागेल. मोठ्या नदीवर हे सूत्र सुरक्षित बाजूला असेलही, मोरीवर ते तोकडे पडते. तेथे स्थानिक पर्जन्यतीव्रता घेऊन रॅशनल पद्धतीने विसर्ग स्वतंत्रपणे काढावा, पूरखुणांशी ताडावा. इंग्लिसचा आकडा त्याहून मोठा आला तरच तो स्वीकारावा.