हसू येते आणि लाजही वाटते

'ब्रीडर्स' हे नावच प्रथम खटकते. पैदास हा शब्द आपण गुराढोरांसाठी, फार तर कोंबड्यांसाठी राखून ठेवलेला. आईबापांना तो लावणे आपल्या जिवावर येते. या नावामुळेच की काय, आमच्या परिचयातील बहुतेकांनी ही इंग्रजी विनोदी मालिका उघडूनही पाहिलेली नाही. मार्च २०२० मध्ये ती सुरू झाली आणि चार पर्वे व ४० भाग होऊन २०२३ मध्ये संपली. एवढ्या गुणी कलाकृतीची अशी उपेक्षा व्हावी याचे आम्हांस वाईट वाटते.

मार्टिन फ्रीमन, ख्रिस अॅडिसन व सायमन ब्लॅकवेल हे तिचे जनक. फ्रीमन स्वतः पॉल या बापाची भूमिका करतात, तर डेझी हॅगर्ड यांनी त्याची सहचरी अॅली रंगवली आहे. लंडनमधील हे सुशिक्षित, नोकरदार, सुस्वभावी जोडपे. ल्यूक आणि एव्हा ही त्यांची दोन मुले. आरंभीच्या प्रसंगातच पॉल कामात गढलेला असताना मुलांचा गोंगाट कानांवर येतो. तो उठतो, शांतपणे बोलायचे असे स्वतःला बजावत निघतो आणि मुलांसमोर उभा राहताच त्याच्या तोंडून शिव्यांचा भडिमार सुरू होतो. आम्ही खळखळून हसलो. मग लक्षात आले, की आपणही असाच निश्चय करून मुलांच्या खोलीत किती वेळा गेलो आहोत! शिव्या दिल्या नसतील; आवाज मात्र तोच होता.

आपल्याकडे आईबापांवरील विनोद बहुधा मुलांच्या खोड्यांवर किंवा बापाच्या वेंधळेपणावर उभा असतो. येथे तो बापाच्या संतापावर उभा आहे आणि लेखकांनी त्या संतापाला क्षमा केलेली नाही, हे या मालिकेचे खरे वैशिष्ट्य. दुसऱ्या पर्वात काळ एकदम पुढे सरकतो. ल्यूक १३ वर्षांचा, एव्हा १० वर्षांची. ल्यूकला आता चिंतेने ग्रासले आहे. पहिल्या पर्वात ज्या ओरडण्याला आपण हसलो, तेच ओरडणे मुलाच्या मनात कुठेतरी साचून राहिले असावे, अशी शंका पॉलला आणि आपल्यालाही छळू लागते. पर्वाच्या शेवटी ल्यूक बापाला ठोसा मारतो. तिसऱ्या पर्वात पॉल घराबाहेर, अॅलीच्या आईकडे राहत आहे. विनोदी मालिकेने आपल्याच विनोदाचा असा हिशेब मांडल्याचे आम्हांला दुसरे उदाहरण आठवत नाही.

एव्हा देवाधर्माकडे ओढली जाते तेव्हा नास्तिक पॉलची उडणारी तारांबळ आमच्या वाचकांना विशेष गंमत देईल. तेथेही लेखक मुलीची टवाळी करीत नाहीत.

उणिवा आहेत. तिसरे पर्व मध्येच रेंगाळते. काळाच्या उडीबरोबर मुलांचे नटही बदलतात. चौथ्या पर्वात तर १८ वर्षांचा ल्यूक स्वतःच बाप होण्याच्या वाटेवर असतो, आणि नव्या चेहऱ्याशी जुळवून घेण्यात आमचे एकदोन भाग गेले. अॅलन आर्मस्ट्राँग व जोआना बेकन यांनी उभे केलेले पॉलचे वृद्ध आईवडील मात्र पहिल्यापासून आपलेसे वाटतात. आपण कुणाचा तरी मुलगा आहोत हे पॉलला त्यांच्यासमोर विसरता येत नाही, आणि तेथे त्याचा तोरा पार उतरतो.

भाषा अतिशय शिवराळ आहे, हे आधीच सांगितलेले बरे. मुले निजल्यावर, आवाज बेताचा ठेवून पाहावी. पहिल्या पर्वावर मात्र थांबू नये. तेथे थांबणाऱ्याला केवळ एका तापट बापाची गंमत पाहिल्यासारखे वाटेल.