अठरा टक्क्यांचा हिशेब

अंतःसहजीवी पूर्वजाकडून केंद्रकाकडे झालेल्या जनुकसंक्रमणाची चर्चा निघाली म्हणजे विल्यम मार्टिन व त्यांचे सहकारी यांच्या २००२ सालच्या निबंधाचा आधार घेतला जातो. अराबिडॉप्सिस या वनस्पतीच्या केंद्रकातील सुमारे ४,५०० जनुके, म्हणजे एकूण जनुकांपैकी १८ टक्के, हरितलवकाच्या नीलहरित पूर्वजाकडून आली, असा त्याचा निष्कर्ष आहे. हा आकडा कशावर उभा आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

तुलनेस पुरेसे साम्य राखणारी ९,३६८ प्रथिने निबंधकारांना मिळाली. त्यांपैकी ८६६ प्रथिनांचे सजातीय केवळ नीलहरित जीवांत आढळले. आणखी ८३४ प्रथिने वंशवृक्षात त्यांच्याच शाखेवर बसली. एकूण १,७००, म्हणजे १८ टक्के. येथवर हिशेब चोख आहे. पुढे मात्र हेच प्रमाण तुलनेच्या कक्षेत न आलेल्या सुमारे १५,६०० जनुकांनाही लावले आहे. ज्यांचे रूप दीर्घकाळ टिकले अशी जनुके हा यदृच्छेने घेतलेला नमुना नव्हे. उरलेल्यांत वनस्पतिकुलातच घडलेली जनुके अधिक असणे संभवते. शिवाय ‘केवळ नीलहरित’ हा शेरा तुलनेस घेतलेल्या १६ इतर जीवाणुसदृश जीवांवर व किण्वावर अवलंबून आहे. सारांश, १,७०० हा पुरावा आहे. ४,५०० हे अनुमान आहे.

२००६ साली सायनोफोरा या शैवालात हे प्रमाण सुमारे ११ टक्केच भरले, आणि त्यांतील बहुतेक जनुके लवकाच्याच कामी असल्याचे दिसले. उलट मार्टिन यांच्या मते अशी बहुसंख्य प्रथिने लवकाबाहेर जातात.

जनुकाचे मूळ व त्याचे कार्यस्थान या दोन गोष्टी वेगळ्या होत. परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्याच्या विद्यार्थ्याला ज्वारीचे उदाहरण जवळचे वाटेल. १९६४ साली प्रसारित झालेले सी.एस.एच.-१ हे संकरित वाण पेशीद्रव्यजन्य नरवंध्यत्वावर आधारलेले होते. त्यातील वंध्यत्वाचे कारण तंतुकणिकेत, तर निवारण केंद्रकातील पुनःस्थापक जनुकात असते. अशी पुष्कळ जनुके ज्या प्रथिनकुलाची आहेत, त्याचा विस्तार मुख्यतः केंद्रकी जीवांतच झाला आहे. तंतुकणिकेची सेवा करणारे प्रत्येक जनुक तिच्या पूर्वजाकडूनच आले असे मानता येत नाही, ते यामुळेच.

संक्रमण घडते याविषयी मात्र शंका नाही. २००३ साली तंबाखूवरील प्रयोगात सुमारे १६,००० परागकणांमागे एकात लवकातील जनुक केंद्रकात गेलेले आढळले. वाद आहे तो परिमाणाचा. तेव्हा अभ्यासकाने १८ टक्क्यांचा उल्लेख अवश्य करावा. परंतु त्याशेजारी ९,३६८ हा छेदही लिहावा.