टेबलावरचे चाक

सुट्टीत पुण्याहून येताना आमच्या भाच्याने एक चाक आणले. चाक म्हणजे निव्वळ स्टिअरिंग! त्याला ना बॉनेट, ना टायर, ना विमा. कोहमाऱ्यात राहून, जिथे पूर्वीच्या सहा आणि आताच्या त्रेपन्न नंबरच्या हायवेवर रात्रंदिवस ट्रक धडधडतात, तिथे घरात बसून गाडी चालवायला पैसे मोजणे म्हणजे समुद्रकाठी राहून मिठाचे पाणी विकत आणणे. असे माझे मत होते. आता थोडे डळमळले आहे.

चाक फनाटेक कंपनीचे, २०२१ साली जाहीर झालेले, प्लेस्टेशनवरच्या 'ग्रान तुरिस्मो' खेळासाठीचे. स्वस्तातल्या चाकांत मोटार आणि चाक यांच्यामध्ये दाते किंवा पट्टा असतो. मधल्या दलालांच्या हातून निरोप जरा खरखरीत होऊन पोचतो. इथे चाक थेट मोटारीच्या दांड्यावर. पुढच्या टायरवर किती भार आहे याचा हिशेब खेळ करतो आणि मोटार तेवढ्या जोराने तुमचे हात ओढते. जोर ५ न्यूटन-मीटर. वेगळा वीजपुरवठ्याचा डबा घेतला की ८. म्हणजे चाकाच्या कडेला पावणेसहा किलोंचा ओढा. (डब्याचे पैसे अर्थात वेगळे. ही चाल आम्हा बँकवाल्यांना नवी नाही.)

चाक जेवणाच्या टेबलाला आवळले. पहिल्याच वळणावर टेबल एक वीत सरकले आणि वरणाची वाटी लवंडली. जर्मनीतला नुरबर्गरिंगचा जुना ट्रॅक, २०.८ किलोमीटरचा. एका वळणावर चाक एकदम हलके झाले. मी खूश! पुढच्या क्षणी गाडी कठड्यात. "मामा, हलकं झालं म्हणजे टायरची पकड सुटली," भाचा म्हणाला. तेव्हा उमजले. भांडणारा खातेदार अचानक गोड बोलू लागला, की समजावे तो खाते बंद करायला आला आहे.

पेडल मात्र गरीब. ब्रेक किती जोराने दाबला हे त्यांना कळत नाही, किती सरकला एवढेच कळते. जोर मोजणारे पेडल निराळे मिळते, निराळ्या पैशात.

बाजूच्या काकाजींनी तीस वर्षे याच हायवेवर ट्रक चालवला. नजर अधू झाली, लायसन गेले, तेव्हापासून ते रस्त्याकडे पाठ करून बसतात. त्यांना आग्रहाने बसवले. चाळीसच्या वेगाने, डाव्या कडेने, हॉर्न कुठे आहे विचारत ते निघाले. पडदा नीट दिसत नव्हता, म्हणून भाचा शेजारी बसून "आता डावं, आता उजवं" सांगत होता. मग भाच्याने वेग वाढवायला लावला. एका वळणावर, भाचा काही बोलायच्या आतच, काकाजींनी हात सैल सोडला, पाय उचलला आणि गाडी सावरली.

"सुटली होती ना जी?" त्यांनी विचारले.

"हो."

"हाताला समजलं. पाठीला काहीच समजत नाही पण. टायर बोलते, गाडी मुकी हाये." मग खांदा चोळत म्हणाले, "पावर स्टेरिंगवाली गाडी भेटली तवा म्या नारळ फोडला होता, बाबूजी. तुम्ही जडपणा काऊन विकत आणता?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. भाचा परवा पुण्याला परतणार म्हणून चाक खोक्यात भरायला लागला, तर काकाजी दारात उभे. हातात बसायची घरची गादी.

"भरून ठेवलं का जी?"

भाच्याने खोके पुन्हा उघडले. मी टेबलावरचे वरण आत नेऊन ठेवले.