आधी लांबच्याचं

दौंड जंक्शनवर गाडीची घोषणा तीनदा होते: मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. ज्याला एकच भाषा येते तो दोन भाषा संपायची वाट बघतो. भोंगा एक, ऐकणारे अनेक, म्हणून पाळ्या लावलेल्या. बिनतारी संदेशवहनातही वर्षानुवर्षं हाच शिरस्ता होता, आणि बराचसा आजही आहे.

पाळीला पर्याय नाही का, हा प्रश्न अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या थॉमस कव्हर यांनी जानेवारी 1972 मध्ये ‘ब्रॉडकास्ट चॅनल्स’ या शोधनिबंधात हाती घेतला. पुढे त्यांनी जॉय थॉमस यांच्याबरोबर लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात या विचाराचं एक फक्कड उदाहरण आहे. एक वक्ता स्पॅनिश आणि डच दोन्ही बोलतो. श्रोते दोन, प्रत्येकाला एकेकच भाषा येते. प्रत्येक भाषेत दहा लाखांहून थोडे जास्त शब्द धरले, तर एका शब्दातून 20 बिट माहिती जाते. निम्मे शब्द याच्यासाठी, निम्मे त्याच्यासाठी, म्हणजे सरासरी 10 आणि 10. हिशेब इथं संपायला हवा. पण कव्हर म्हणतात, डच न कळणाऱ्यालाही ‘हा शब्द माझ्या भाषेतला नाही’ एवढं कळतंच! मग कोणत्या भाषेनंतर कोणती यायची, त्या क्रमातच एक निरोप ओवता येतो. दर शब्दामागे एक बिट, तोही दोघांना. बेरीज 21. न कळण्यालाही मोल देणारी ही जागा मी कितीदा तरी वाचली असेल. दौंडच्या घोषणेत ही वरकड मिळत नाही, कारण तिथला क्रम ठरलेला. तो काहीच नवं सांगत नाही.

ही झाली नांदी. खरी रंगत एकाच भाषेत, एकाच क्षणी, दोन निरोप एकमेकांवर रचण्यात आहे. शिरूरहून चौफुल्याला जाताना न्हावऱ्याच्या आसपास एक टॉवर आहे असं समजू. एक फोन टॉवरखालच्या टपरीवर, दुसरा भीमेकडच्या उसात, जिथं रेंजची एकच काडी दिसते. टपरीवर सिग्नल खरखरीच्या 63 पट, उसात जेमतेम 3 पट. खरखरीतून जास्तीत जास्त किती माहिती जाईल ते सांगणाऱ्या शॅननच्या सूत्रानं टपरीला एकटीला दर खेपेला 6 बिट मिळतील, उसाला एकट्याला 2. निम्मा-निम्मा वेळ वाटला की 3 आणि 1.

आता पाळ्या मोडा. टॉवरच्या शक्तीचे नऊ वाटे करा. आठ उसाच्या निरोपाला, एक टपरीच्या निरोपाला, आणि दोन्ही एकदम सोडा. उसातला फोन टपरीचा निरोप खरखरीत जमा करतो आणि आपला तेवढा उचलतो. टपरीचा फोन मात्र आधी लांबच्याचा निरोप पूर्ण उलगडतो, त्याची लहर जशीच्या तशी पुन्हा बांधतो, आलेल्यातून ती वजा करतो. उरलेल्यात त्याचा स्वतःचा निरोप असतो. आकडेमोड हातानं करून बघण्यासारखी आहे: टपरीचे 3 बिट 3च राहतात आणि उसाचा 1 होतो 1.58. जवळच्याच्या ताटातलं काही न काढता लांबच्याला दीडपटीहून जास्त वाढलं.

रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते. संगमाखाली घागर भरून त्यातली मुठा वेगळी काढून दाखवा म्हटलं तर कुणीही हसेल. लहरींच्या संगमात हे जमतं, कारण मिसळलेल्यातली एक धार कण न् कण पुन्हा घडवता येते. आडवा येणारा आवाज दाबायचा नाही, तो पुरता समजून घ्यायचा, की तो आडवा येईनासा होतो. कव्हर-थॉमस यांच्या पुस्तकात यासाठी ढगाची कल्पना वापरली आहे: लांबच्याला ढग ओळखता येतो, जवळच्याला त्या ढगातला बिंदू. मला न्हावरे रस्त्यावरची रात्र आठवते. लांबून दिव्यांचा पुंजका दिसतो, म्हणजे गाव आलं. जवळ गेल्यावर कोणता दिवा कुणाच्या ओट्यावरचा ते कळतं.

एकनाथांच्या भारुडाशी तुलना करायचा मोह मलाही झाला. विंचू चावल्याची धमाल सगळ्या गर्दीला, आतलं अध्यात्म ज्याचा कान तयार त्याला. पण तुलना अर्ध्यावर लंगडते. भारुडात वरचा थर वजा करून चालत नाही. विंचूच काढून टाकला तर अध्यात्म निराधार होतं.

कागदावर इतकी देखणी असलेली ही रचना मैफलीत मात्र क्वचित ऐकू येते. टपरीच्या फोननं पहिला थर चुकीचा वाचला की वजाबाकी चुकते आणि दुसरा थरही हातचा जातो. जपानच्या एनटीटी डोकोमोच्या संशोधकांनी 2013 च्या सुमारास ‘नोमा’ या नावानं ही कल्पना मोबाइलसाठी पुन्हा पुढे आणली. 5जीसाठी तिचा अभ्यास झाला आणि ती बाजूला राहिली. अमेरिकेच्या एटीएससी 3.0 या टीव्ही मानकात तिला जागा मिळाली: दणकट थर चालत्या गाडीतल्या पडद्याला, नाजूक थर घरावरच्या अँटेनाला. आषाढवारीत तुकोबांची पालखी यवत-वरवंडला मुक्कामी असते तेव्हा त्या गर्दीतले फोन अजूनही मुख्यतः वेळेचे आणि लहरींचे तुकडे वाटून घेतात.

आणि 1972 चा प्रश्न तरी कुठं पुरता सुटलाय? एक श्रोता स्पष्टपणे जवळचा आणि दुसरा लांबचा असेल, तर यापेक्षा जास्त काढताच येत नाही, हे दोनेक वर्षांत सिद्ध झालं. पण एकाला एक गोष्ट नीट ऐकू येते, दुसऱ्याला दुसरीच, अशा दोघांसाठी सर्वसाधारण कमाल मर्यादा किती, ते अजून कुणालाही सांगता आलेलं नाही.